छोट्या मिलिंगचं सीएनसी: गाळ्यातली नोंदवही

९ जून २०२४, रविवार

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात कोपऱ्याला एक छोटं मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन, सहा वर्षं उभं आहे. चिनी बनावटीचं, टेबल ३९० बाय ९२ मिमी, कटर धरून फिरणारा स्पिंडल एमटी-३ मापाचा, वेग जास्तीत जास्त २५०० आरपीएम. एक्सची म्हणजे डावी-उजवी चाल २२० मिमी, वायची म्हणजे मागची-पुढची १००, झेडची म्हणजे वर-खालची १८०. बीडाचं ओतकाम बरं आहे, बाकी सगळं घाईत उरकलेलं. हे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणारं, करायचं असं दोन वर्षं नुसतं तोंडाने चाललंय. आज वही उघडली.

कारण हुपरी, चांदीकामाचं गाव. तिथल्या चांदीवाल्यांना पैंजणांच्या कोयऱ्या-पानांसाठी छोटे डाय, म्हणजे पत्र्यावर नक्षी उठवायचे साचे, लागतात. आमच्या ओळखीत ते हाताने कोरणारे दोघे होते, त्यातल्या एकाला आता बारीक दिसत नाही. मोठ्या व्हीएमसीवाल्याकडे, म्हणजे मोठं सीएनसी मिलिंग असलेल्याकडे, अंगठ्याएवढा जॉब घेऊन गेलं की तो आधी हसतो, मग महिन्याची तारीख देतो. त्या मधल्या फटीत आपलं बसेल, असा हिशेब आहे. बजेट साठ हजार. घरात पन्नास सांगितलंय.

आधी आहे ते मोजून ठेवलं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक, लावला, टेबलाला टेकवला, हँडल एका बाजूने आणून शून्य केलं आणि उलटं फिरवलं. एक्सचं हँडल ०.३४ मिमी फिरेपर्यंत टेबल जागचं हललंच नाही. वायला ०.२८.

संध्याकाळी नाना चहाला आले. पस्तीस वर्षं मिलिंगवर उभे राहिलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही पाचच्या ठोक्याला पाय उद्यमनगराकडेच वळतात. त्यांना म्हटलं, याच मशीनवर तुम्ही मला बेअरिंगची भोकं ०.०२ च्या आत काढून दिली होती, ती कशी?

"मी उलटा येतोय कवा? फुडं गेलो तर आख्खा एक फेरा मागं घेतो आन परत डावीकडनंच येतो. नटाची एकच बाजू वापरायची. तुला शिकवलं न्हवतं व्हय?"

शिकवलं होतं. पण कॉम्प्युटरला कोण शिकवणार? त्याने एक साधं वर्तुळ काढलं तरी एक्स दोनदा आणि वाय दोनदा उलटा फिरतो. नानांच्या मनगटात जे आपोआप होतं ते इथे लोखंडातच बसवावं लागणार. म्हणजे पहिलं काम बॅकलॅश, दिशा बदलतानाचा हा मोकळा खेळ, मारायचं, वायरींना हात नंतर.

१६ जून

सामानाची यादी. एक्स आणि वायला १२ मिमी व्यासाचा, ४ मिमी लीडचा (एका फेऱ्याला ४ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, म्हणजे नटात गोळ्यांवर फिरणारा स्क्रू. झेडला १६ मिमीचा, ५ लीडचा. एक्सलाही १६ चाच घालायचा मोह होता, पण या मशीनच्या सॅडलच्या, म्हणजे टेबलाखालच्या सरकत्या भागाच्या, पोटात जागाच नाही. तो नट बसवायला सॅडल इतकं पोखरावं लागेल की खाली फक्त कातडं उरेल.

रोल केलेले सी-७ दर्जाचे घेतले. त्यात ३०० मिमीला ०.०५ पर्यंत चूक धरलेली असते. ग्राइंड केलेले घेतले तर त्याच पैशात दुसरं मशीन येईल. अंगठ्याएवढ्या डायला सी-७ पुरे.

मोटरी नेमा-२३ मापाच्या स्टेपर, म्हणजे विजेच्या प्रत्येक पल्सला ठरावीक पाऊल फिरणाऱ्या, तिन्ही सारख्याच. त्यांना वीज देणारा ड्रायव्हर डीएम-५४२. त्याला ५० व्होल्टपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण मोटर झटकन थांबते तेव्हा ती उलटं व्होल्टेज फेकते, म्हणून ४८ च्या नादाला न लागता ३६ व्होल्टचा सप्लाय घेतला.

मायक्रोस्टेप, म्हणजे एका पावलाचे तुकडे, ८ धरले तर मोटरच्या एका फेऱ्याला १६०० पल्स. एक्स-वायला १६०० भागिले ४, म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स. झेडला ३२०. हे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत, कारण पुढे शंभरदा लागणार.

३० जून

मशीन सोडण्याआधी त्याच्याकडूनच त्याचे सुटे भाग काढून घेतले. मोटरच्या तीन प्लेटा, बेअरिंग ब्लॉकखालच्या बैठका, नटाची हाउसिंगं. एकदा मशीन खोललं की हे भाग बनवायला मशीन उरत नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं ते नशीब. नेमा-२३ ची भोकं ४७.१४ मिमी अंतरावर, मधला खांदा ३८.१ चा. ते बोअरिंग हेडने काढलं, अर्थात डावीकडून येऊन.

७ जुलै

खोललं. सॅडलच्या आतल्या कोपऱ्यात ओतकामाची वाळू अजून होती, वर रंग मारलेला. सहा वर्षं ती थोडी थोडी निघून स्लाइडवर पडत असणार. सगळं रॉकेलने धुतलं, खरवडलं, परत धुतलं.

सॅडलच्या पोटातून ६ मिमी काढायचे होते, ते शेजारच्या गाळ्यातल्या मोठ्या मिलिंगवर काढून घेतले. तिथल्या पोराने विचारलं, "हे खेळणं आहे का?" उत्तर दिलं नाही. काम त्याच्याकडेच होतं.

२६ जुलै

पाऊस. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलीय, अर्धं शहर तिकडे बघायला आणि अर्धं सामान हलवायला. उद्यमनगरात पाणी नाही, पण हवा इतकी ओली की काल तेल पुसून ठेवलेल्या डोव्हटेलवर, म्हणजे तिरक्या कडांच्या स्लाइडवर, आज तांबूस ठिपके. नवे बॉलस्क्रू ग्रीस चोपडून वर्तमानपत्रात गुंडाळून घरी कपाटात ठेवलेत, साड्यांच्या खाली.

एक्स जोडला होता. बॉलस्क्रू घातला, बॅकलॅश मोजला: ०.०९. ०.३४ वरून ०.०९ म्हणजे सुधारणा आहे, पण इतके पैसे घालून ०.०९? आधी नटावर संशय घेतला. नट हाताने दाबून, ओढून पाहिला, त्याला खेळ नव्हता.

नानांनी युक्ती सांगितली. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस लावून ६ मिमीचा स्टीलचा बॉल चिकटवायचा आणि डायलचं टोक त्या बॉलवर. बॉल बरोबर अक्षावर असल्यामुळे स्क्रू वेडावाकडा फिरला तरी डायलला ते दिसत नाही, स्क्रू पुढेमागे सरकला तरच दिसतं. टेबल धरून ढकललं, ओढलं. डायल ०.०६ हलला. म्हणजे स्क्रूच आपल्या घरात मागेपुढे जातोय.

बेअरिंग ब्लॉक खोलला. अँग्युलर कॉन्टॅक्ट, म्हणजे अक्षाच्या दिशेचा दाब पेलणारी बेअरिंगं, म्हणून विकत घेतलेल्या ब्लॉकमध्ये साधी ६००० नंबरची डीपग्रूव्ह बेअरिंगं निघाली. डीपग्रूव्हला अक्षाच्या दिशेने थोडा खेळ मुळातच ठेवलेला असतो. तो काही त्याचा दोष नाही, हे त्याचं काम नव्हे. विकणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, पण दुकानात जाऊन दोन शब्द बोलून आलो.

७००० नंबरची, खरी अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी आणली, पाठीला पाठ लावून बसवली. दोन्ही आतल्या रिंगा नटाने आवळल्या की बॉल आपापल्या खांद्यावर जाऊन टेकतात आणि खेळ संपतो. जास्त आवळलं तर हाताला फिरताना खडखड लागते, कमी आवळलं तर डायल हलतो. तीनदा सोडलं, चौथ्यांदा जमलं. बॉलवरचा डायल: ०.००५ च्या आत. टेबलाचा बॅकलॅश: ०.०३.

११ ऑगस्ट

उरलेले ०.०३ गिबचे. या मशीनचा गिब म्हणजे स्लाइडमधली फट भरणारी सपाट पट्टी, बाहेरून चार स्क्रूंनी दाबलेली. स्क्रूंची टोकं तशीच कापलेली, त्यामुळे पट्टी प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते. टेबल दिशा बदलतं तेव्हा पट्टी आधी जागा बदलते, मग टेबल हलतं. हेही हाताने चालवताना कधी जाणवलं नव्हतं.

सरफेस प्लेटवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, वर रॉकेल, आणि गिब घासत बसलो. निळं, म्हणजे टेकेल तिथे उमटणारा रंग, लावून बघितलं तर पट्टी दोन टोकांना टेकत होती, मध्ये कोरडी. दीड तासाने मध्येही निळं आलं. स्क्रूंची टोकं लेथवर शंकूसारखी केली, गिबमध्ये त्याच कोनाचे खळगे पाडले, आता पट्टी एकाच जागी बसते. तीन मायक्रॉन, पाच मायक्रॉन असल्या गोष्टींसाठी रविवार घालवणारा माणूस घरच्यांना कसा दिसत असेल, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

बॅकलॅश एक्स ०.०१५, वाय ०.०२. हा आता सॉफ्टवेअरमध्ये भरता येईल. पण एक गोष्ट लिहून ठेवतो: सॉफ्टवेअरची भरपाई फक्त मोटर जादा फिरवते, टेबलाला धरून ठेवत नाही. ०.३ चा खेळ तसाच ठेवून वर भरपाई घातली असती तर क्लाइंब मिलिंगला, म्हणजे कटरचे दात जॉबला सरकायच्याच दिशेने ओढतात तेव्हा, कटरने टेबल आपल्याकडे ओढलं असतं आणि दात मोडला असता.

१८ ऑगस्ट

कॉलम. या जातीच्या मिलिंगचा कॉलम खाली एका मोठ्या नटवर उभा असतो, तिरका करता यावा म्हणून. सहा वर्षांत एकदाही तिरका केला नाही, पण त्या सोयीची किंमत रोज मोजली. स्पिंडलला डायल लावून हेडला हाताने ढकललं तर काटा ०.१२ जातो आणि परत येतो. नुसत्या हाताने!

मागे २५ मिमी जाडीची एमएस प्लेट लावली, बेसला आणि कॉलमला एम-१० च्या बोल्टांनी आवळली. आवळण्याआधी कॉलम टेबलाला काटकोनात आहे का ते गुण्याने बघून मागे शिमचा पत्रा सारला. आता त्याच जोराला ०.०३. एवढ्या कष्टात एवढा फरक पूर्ण प्रकल्पात दुसऱ्या कशाने पडला नाही.

१ सप्टेंबर

आता कॉम्प्युटर. एका ऑफिसमधून भंगारात निघालेला जुना डेस्कटॉप घेतला, कारण त्याला पॅरलल पोर्ट आहे. त्यावर लिनक्ससीएनसी, म्हणजे मशीन चालवणारं खुलं सॉफ्टवेअर. याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत आहे. तिथे नव्वदच्या दशकात एक कंट्रोलर लिहिला गेला, सरकारी पैशाचा म्हणून तो सगळ्यांना खुला राहिला आणि पुढे लोकांनी वाढवला. १९५२ मध्ये एमआयटीत पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग दाखवलं तेव्हा त्याच्या कंट्रोलची कपाटं मशीनहून मोठी होती. आमचा डेस्कटॉप नुसता धुळीने जड झालाय.

पॅरलल पोर्टवर पल्स स्वतः कॉम्प्युटरच मोजून सोडतो, त्यामुळे त्याने ठरल्या क्षणाला उठलंच पाहिजे. लेटन्सी टेस्ट, म्हणजे त्याला उठायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी, लावली, मुद्दाम व्हिडिओ चालू केला, खिडक्या ओढत बसलो. सगळ्यात वाईट आकडा १,८०,००० नॅनोसेकंद. हा कॉम्प्युटर मध्येच डुलकी काढतोय. बायोसमध्ये जाऊन वीज वाचवायच्या सगळ्या सोयी बंद केल्या, हायपरथ्रेडिंग बंद केलं. १४,०००. एवढा चालतो.

बेस पिरियड, म्हणजे दोन पल्समधला वेळ, ४०,००० नॅनोसेकंद ठेवला. म्हणजे सेकंदाला २५,००० पल्स, ४०० ने भागलं की ६२.५ मिमी सेकंदाला. एवढा वेग मला नकोच. रॅपिड, म्हणजे न कापता पळायचा वेग, १२०० मिमी प्रतिमिनिटावर बांधला.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

गणपती बसवून दुपारी गाळ्यात आलो. तिन्ही मोटरी पहिल्यांदा हलल्या. वाय उलटा पळाला, सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये स्केलला वजा चिन्ह लावलं, सरळ झाला. दिवसाला एवढं पुरे.

१५ सप्टेंबर

तीन दिवस एकाच दुखण्यात गेले. मशीन मध्येच थांबतं आणि पडद्यावर येतं: एक्सचा लिमिट स्विच, म्हणजे चालीच्या टोकाला मशीन थांबवणारा, लागला. टेबल मधोमध उभं, स्विच हातभर लांब. वायर बदलली, स्विच बदलला, कॉम्प्युटरच्या वायरी जोडायच्या ब्रेकआउट बोर्डावरची पिन बदलली.

शेवटी बाहेर बसून ऐकलं तेव्हा कळलं. पलीकडच्या गाळ्यात वेल्डिंगचा रॉड पेटला की आमचं मशीन थांबतं.

मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजलं: ११ व्होल्ट. हे एक-दोनच्या पुढे असायचं कारण नाही. गाळ्यामागचा अर्थिंगचा खड्डा शोधला तर त्यावर कुणीतरी स्क्रॅप रचून ठेवलेलं, पट्टी गंजून तुटलेली. म्हणजे इतकी वर्षं आमचा लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळं विनाअर्थचं चालत होतं. हे लिहिताना अंगावर काटा येतोय. नवा खड्डा, कोळसा, मीठ, नवी पट्टी, वर पाणी. आता १.४ व्होल्ट.

सोबत आणखी दोन गोष्टी केल्या. स्विच ५ व्होल्टवर होते, ते ऑप्टोमधून (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) २४ व्होल्टवर आणले, म्हणजे छोट्या झटक्याला ते फसत नाहीत. आणि शिल्डची जाळी फक्त कंट्रोल पेटीच्या टोकाला अर्थ केली, दोन्ही टोकांना केली तर तिच्यातूनच अर्थचा प्रवाह फिरायला लागतो. स्विच पहिल्यापासून नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलेच, आहेत, वायर तुटली तरी मशीन थांबतं. लाल मशरूम बटण कॉन्टॅक्टर पाडून ड्रायव्हरची ३६ व्होल्टची लाइनच तोडतं. थांबायचं की नाही ते कॉम्प्युटरला विचारत बसायचं नाही.

काल संध्याकाळी शेजाऱ्याला मुद्दाम रॉड पेटवायला सांगितला. त्याने एक आख्खं गेट वेल्ड केलं. मशीन चालू राहिलं.

२२ सप्टेंबर

आज लाईट गेली आणि हेड खाली आलं.

ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर कोरडी चाचणी चालू होती, कटर जॉबच्या ४० मिमी वर. लाईट गेली, मोटरी सैल पडल्या आणि हेड सावकाश, अगदी शांतपणे, कुणी पाहुणा खुर्चीत बसावा तसं खाली येऊन जॉब धरायच्या वाइसवर टेकलं. ८ मिमीचा कार्बाइड एंडमिल मोडला. माझा हात दहा सेकंदांपूर्वी तिथे होता.

दोष माझाच. जुन्या मशीनला झेडला वर्म गिअर होता, तो मागून ढकलला तरी फिरत नाही. बॉलस्क्रूला घर्षणच नाही, म्हणून तर तो घेतला. त्याला वरून वजन दिलं की तो मोटरलाच फिरवतो.

हेड उतरवून रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं. १७ किलो. म्हणजे साधारण १६७ न्यूटन. गुणिले ५ मिमी लीड, भागिले ६.२८, येतं ०.१३ न्यूटन-मीटर. बंद पडलेल्या मोटरची स्वतःची अडकण याच्या निम्मीही नसते, गिबचं घर्षण थोडी मदत करतं. म्हणूनच ते धाडकन पडलं नाही, हळूहळू उतरलं. हे गणित जूनमध्ये कागदावर करायला पाच मिनिटं लागली असती.

गाडीच्या डिकीचा गॅस शॉक आणला, अंगावर १५० न्यूटन छापलेला. कॉलमच्या बाजूला ब्रॅकेट, वरचं टोक हेडला. आता मोटरच्या वाट्याला उरतात जेमतेम १७ न्यूटन, म्हणजे ०.०१४ न्यूटन-मीटर, तेवढं मोटर झोपेतही धरते. मेन स्विच दहा वेळा पाडून बघितला. हेड जागेवर.

एक फुकटचा फायदाही झाला. झेड आता वर जाताना आणि खाली येताना सारख्याच आवाजात चालतो.

नानांना मोडका कटर दाखवला. "वीज गेल्यावर काय हुतंय, हे मशीन घ्यायच्या आधी इचारायचं," म्हणाले आणि चहाचा कप पुढे केला.

६ ऑक्टोबर

पहिलं खरं कटिंग. ॲल्युमिनियममध्ये ६० मिमीची गोल चकती, ६ मिमीचा कटर. जुलैपासून जे काही केलं त्याची परीक्षा म्हणजे हे वर्तुळ.

चकती डोळ्याला सुंदर. नखाने फिरवून बघितलं तर चार ठिकाणी, जिथे एखादा अक्ष उलटा फिरतो तिथे, अगदी बारीक खूण लागते. ती चालेल. मग मायक्रोमीटर लावला. एक्सच्या दिशेने ५९.९७, वायच्या दिशेने ५९.९७. खूश होऊन तिरकंही मोजलं. एका तिरप्या दिशेने ६०.०१, दुसऱ्या तिरप्या दिशेने ५९.९३.

म्हणजे वर्तुळ नाही, किंचित दाबलेलं लिंबू. दोन्ही अक्ष बरोबर अंतर चालतात, पण एकमेकांना काटकोनात नाहीत. फरक ०.०८, भागिले ६०, म्हणजे १०० मिमीला ०.१३ चा तिरकेपणा. टेबलावर गुण्या ठेवला, एक पाय एक्सला समांतर केला आणि दुसऱ्या पायावरून डायल वायच्या दिशेने ९० मिमी चालवला. ०.१२. चकती खोटं बोलत नव्हती.

हे मशीन कारखान्यातून निघालं तेव्हापासूनच असं आहे. सॅडलच्या वरच्या आणि खालच्या डोव्हटेलमधला कोनच चुकीचा. नव्वद अंशांचा खांदा या मशीनवर मी सहा वर्षं काढतोय आणि नंतर कानसीने बसवतोय. दोष नेहमी वाइसला दिला.

१२ ऑक्टोबर, दसरा

मशीनला झेंडू, कॉम्प्युटरलाही. सॅडल खोललेलं असल्यामुळे ते पाटावर ठेवून वेगळी पूजा. नाना आले, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, उद्यापासून मला लागंल ते.

२७ ऑक्टोबर

पंधरा दिवस नानांचे. मी फक्त निळं लावत होतो.

पद्धत अशी. टेबलाचा डोव्हटेल तुलनेने सरळ आहे, तो नमुना धरला. त्याला पातळ निळं लावायचं, सॅडलच्या वरच्या डोव्हटेलच्या पक्क्या बाजूवर, म्हणजे गिब नाही त्या बाजूवर, घासायचं आणि जिथे निळं उमटेल तिथलं कार्बाइडच्या स्क्रेपरने खरवडायचं. एका हाताला, म्हणजे एकदा खरवडून, चार-पाच मायक्रॉन निघतात. आम्हाला एका टोकाला ०.१३ काढायचे होते आणि दुसऱ्या टोकाला शून्य. मी म्हटलं, सुरुवातीचं कानसीने घालवू. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की कानस मी परत खणात ठेवली.

त्यांनी लांबीचे सहा भाग केले, खडूने. पहिल्या हाताला पहिलाच भाग, दुसऱ्याला पहिले दोन, तिसऱ्याला पहिले तीन, असं उतरतं. सहा हात झाले की एक पायरी, मग पुन्हा पहिल्यापासून. अशी चार-पाच आवर्तनं. प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा, म्हणजे नक्षी जाळीसारखी पडते. स्क्रेपर ढकलताना हात हलत नाहीत, ढकलतात ती कंबर. मी एक संध्याकाळ करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी उठताना भिंत धरावी लागली. ते बहात्तर वर्षांचे आहेत.

मध्येच एकदा जास्त निघालं. नाना काही बोलले नाहीत, बिडी ओढून आले आणि उरलेली सगळी लांबी तेवढी खाली आणली. चार दिवस गेले त्यात.

काल जोडलं. आज परत ६० ची चकती. एक्स ५९.९८, वाय ५९.९८, तिरपे ५९.९९ आणि ५९.९७.

नानांना चकती दिली. त्यांनी मोजली नाही, अंगठ्याने कड फिरवली आणि खिशात टाकली. मग टेबल सरकवायची जॉगची बटणं दाखवली, म्हटलं चालवून बघा. १० मिमीवर टेबल न्यायला सांगितलं. टेबल उजवीकडे होतं. नाना बटण दाबून १० च्या पुढे ८ पर्यंत गेले आणि परत डावीकडून १० वर आले.

"आता गरज नाही नाना त्याची."

"असूदे की."

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर स्पिंडल. १ मिमीचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, २५०० आरपीएमवर फिरवला तर कडेचा वेग मिनिटाला आठ मीटरही भरत नाही. कार्बाइडला स्टीलमध्ये साठ तरी हवेत. म्हणून हेडच्या बाजूला क्लॅम्प करून दुसरा छोटा स्पिंडल लावला, ईआर-११ कोलेटचा (कटर आवळणारी पकड), २४,००० पर्यंत जाणारा. २०,००० वर ६३ मीटर मिळतात. मोठ्या स्पिंडलचं शून्य कंट्रोलरच्या जी-५४ या खात्यात आणि छोट्याचं जी-५५ मध्ये, म्हणजे भोकं मोठ्याने आणि कोरीव काम छोट्याने, जॉब न हलवता.

त्याचा व्हीएफडी, म्हणजे वेग बदलणारा ड्राइव्ह, चालू करताना पुन्हा लिमिटचं भूत उठणार म्हणून बटणावर हात ठेवून उभा होतो. काही झालं नाही. तो अर्थिंगचा खड्डा वसूल झाला.

पितळेत पहिली कोयरी कोरली, १४ बाय ९ मिमी, १.२ खोल. रफिंगला २२ मिनिटं. फिनिशिंग ०.६ च्या बॉलनोजने, ०.०३ च्या अंतराने रेघा, १७ मिनिटं. भिंगाखाली रेघा दिसतात, डोळ्याला नाही. पितळेचा कीस इतका बारीक की तो गिबच्या फटीत शिरतोय, स्लाइडवर काहीतरी झाकण हवं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून तात्पुरतं लावलंय.

२४ नोव्हेंबर

बुधवारी मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आलो आणि ओएचएनएसच्या, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या पोलादाच्या, तुकड्यात खरा डाय लावला. स्टीलमध्ये फीड निम्मा, त्यामुळे वेळ दुप्पट. एक कटर मोडला, तो माझ्या चुकीने, कोलेट साफ न करता आवळलं होतं. गुरुवारी हीट ट्रीटमेंटवाल्याकडे: साधारण ८०० अंशांना तापवून तेलात, मग ठिसूळपणा जावा म्हणून २०० ला टेंपर. डाय काळा होऊन आला, पॉलिश केल्यावर कोयरीतली शिर न् शिर उठून दिसायला लागली.

आज हुपरीला घेऊन गेलो. चांदीवाल्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिला. चांदीचा पातळ पत्रा ठेवला, वर शिसं, आणि एकच ठोका. पान उचलून, उलटं करून तळहातावर ठेवलं. कड स्वच्छ होती. मग त्यांनी आपलं जुनं पैंजण शेजारी धरलं.

कोयरीचं टोक उलट्या दिशेला.

डायमध्ये खळगा कोरायचा म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं घ्यावं लागतं, कारण पत्र्याची दर्शनी बाजू खळग्यात खाली तोंड करून बसते. सहा महिने मायक्रॉन मोजले आणि हे विसरलो. पितळेच्या नमुन्यावर नुसतं मेण दाबून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी तोंडातल्या तोंडात सॉरी म्हणून डाय परत पिशवीत घालायला लागलो.

त्यांनी हात धरला. "ठेवा हो इथेच. हा डाव्या पायाचा झाला. उजव्याचा कधी देताय?"